औद्योगिक भांगेच्या बीजविविधतेचे जतन

औद्योगिक भांगेच्या बीजविविधतेचे जतन म्हणजे धागा, बी आणि तेल यांसाठी उपयोगी पडणाऱ्या भांगेचे गावठी, रानटी व सुधारित वाण नामशेष होऊ न देता त्यांचे बियाणे उगवणक्षम स्थितीत राखण्याचे काम होय. नवा वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला लागणारे गुण, म्हणजे लांब धागा, भरपूर बी, अल्प मादकता, रोगप्रतिकार आणि स्थानिक हवामानाशी जुळणारा फुलोरा, हे या जुन्या बियाण्यांत विखुरलेले असतात. एखाद्या वाणाचे शेवटचे बी मेले की तो वाण पुन्हा जसाच्या तसा घडवता येत नाही.

विसाव्या शतकात अमली पदार्थविषयक कायद्यांमुळे आणि कृत्रिम धाग्यांच्या प्रसारामुळे अनेक देशांतील भांगेची शेती बंद पडली व तिच्याबरोबर बियाणेही गेले. भारतात धाग्यासाठी भांग पिकवण्याची परंपरा मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आहे. महाराष्ट्रात दोर, सुतळी व जाळी यांची गरज ताग आणि अंबाडी या पिकांनी भागवली. त्यामुळे महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाचा विचार या दोन पिकांसह करावा लागतो.

## नावांविषयी

इंग्रजीतील ‘हेम्प’ हा शब्द एकाच वनस्पतीपुरता राहिलेला नाही. धागा देणाऱ्या अनेक वनस्पतींना व्यापाऱ्यांनी हेच नाव दिले. तागाला ‘सन हेम्प’ आणि अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ म्हटले जाई. ‘बॉम्बे हेम्प’ हे नाव तर जुन्या लेखनात कधी तागासाठी, तर कधी अंबाडीसाठी आढळते. फिलिपिन्समधील केळीच्या कुळातील अबाका ‘मनिला हेम्प’ या नावाने आणि घायपाताचा वाख ‘सिसल हेम्प’ या नावाने ओळखला गेला. या सर्वांचा भांगेशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. त्यामुळे जुने दप्तर वाचताना ‘मुंबई हेम्प’ म्हणजे भांग असे समजणे चुकीचे ठरते.

मराठीतही काळजी घ्यावी लागते. भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीपासून मिळणाऱ्या निरनिराळ्या पदार्थांची नावे आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. ‘ताग’ हा शब्द पूर्वी मुख्यतः बोरूच्या झाडासाठी वापरला जाई. आज तो बंगालच्या ज्यूटसाठीही वापरतात. या लेखात ताग म्हणजे बोरू असाच अर्थ घेतला आहे.

| मराठी नाव | शास्त्रीय नाव | कूळ | गुणसूत्रे | परागीभवन |
|---|---|---|---|---|
| भांग | कॅनाबिस सटायव्हा | कॅनाबेसी | २० | वाऱ्याने, परपरागीभवन |
| ताग, बोरू | क्रोटालेरिया जुन्सिया | फॅबेसी (शिंबी कूळ) | १६ | मोठ्या मधमाश्या व भुंगे यांच्यामार्फत, परपरागीभवन |
| अंबाडी | हिबिस्कस कॅनाबिनस | माल्व्हेसी (भेंडी कूळ) | ३६ | मुख्यतः स्वपरागीभवन |
| लाल अंबाडी | हिबिस्कस सबडॅरिफा | माल्व्हेसी (भेंडी कूळ) | ७२ | मुख्यतः स्वपरागीभवन |

तक्त्यातील शेवटचा स्तंभ जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बियाणे कसे राखावे, हे पीक परागीभवन कसे करते यावर अवलंबून असते.

## वनस्पती आणि तिच्यातील विविधता

भांग ही वर्षायू वनस्पती आहे. सामान्यतः तिची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. नर झाड परागकण सोडून लवकर वाळते. मादी झाडावर बी धरते. परागकण अत्यंत हलके असून वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जाऊ शकतात. एकाच झाडावर नर व मादी अशी दोन्ही फुले येणारे वाणही पैदासकारांनी तयार केले आहेत. अशा वाणांची झाडे एकाच वेळी पक्व होतात, त्यामुळे यंत्राने कापणी करणे सोयीचे जाते.

धागा खोडाच्या सालीत असतो. खोडे पाण्यात किंवा दवात कुजवून साल सोडवतात. आतला काष्ठमय भाग चुन्यात मिसळून बांधकामासाठी वापरता येतो. बियांमध्ये सुमारे ३० टक्के तेल असते.

विविधतेचे स्थूलमानाने चार साठे मानता येतात.

* रानटी व अर्धरानटी झाडे : मध्य आशिया व हिमालयाच्या परिसरात गावांच्या कडेला, ओढ्याकाठी आपोआप उगवणारी. यांचे बी लहान असते व ते पक्व होताच गळून पडते.
* गावठी वाण : शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बी निवडून त्या त्या खोऱ्यात रुजवलेले. एका वाणाच्या शेतातही सगळी झाडे एकसारखी नसतात आणि हेच त्यांचे बलस्थान असते.
* सुधारित वाण : विसाव्या शतकात संशोधन संस्थांनी तयार केलेले, एकसारखे व प्रमाणित.
* पैदासकारांची कामाची वाणे : ज्यांची शेती होत नाही, परंतु विशिष्ट गुणासाठी जपलेली.

सुधारित वाणांचा पाया अनेकदा अरुंद असतो. एकाच झाडावर दोन्ही फुले असणाऱ्या युरोपीय वाणांपैकी पुष्कळांच्या वंशावळीत जर्मनीत तयार झालेला ‘फिब्रिमोन’ हाच वाण आढळतो. नावे अनेक असली तरी रक्त एकच असल्याने, एखादा नवा रोग आला तर ही सर्व भावंडे एकदम बळी पडण्याचा धोका असतो.

## पैदाशीसाठी बीजविविधतेचे महत्त्व

### दिनमान व फुलोरा

भांग ही दिवस लहान होऊ लागल्यावर फुलणारी वनस्पती आहे. फुलोरा आला की खोडाची वाढ थांबते आणि धाग्याची लांबीही तेथेच ठरते. उत्तर युरोपातील वाण तेथील दीर्घ दिवसांशी जुळवून घेतलेले आहेत. जून महिन्यात कीव्ह येथे दिनमान सोळा तासांहून अधिक असते. वसई-विरार सुमारे १९.४° उत्तर अक्षांशावर आहे. येथील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. युरोपीय वाण येथे पेरला, तर त्याला पहिल्या दिवसापासूनच दिवस ‘लहान’ वाटतो. परिणामी झाड गुडघ्या-कमरेएवढे होण्याच्या आत फुलू लागते आणि धाग्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते.

म्हणूनच कमी अक्षांशाच्या प्रदेशासाठी बाहेरचे प्रमाणित बी आणून भागत नाही. तेथील किंवा तशाच दिनमानाच्या प्रदेशातील गावठी बियाणे हाच पैदाशीचा पाया ठरतो. चीनमधील युनान प्रांतात स्थानिक वाणांतून निवड करून ‘युनमा १’ हा अल्प मादकतेचा वाण तयार करण्यात आला व २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हे गावठी बियाणे शिल्लक नसते, तर ही निवड शक्य झाली नसती.

### मादकतेचे प्रमाण

औद्योगिक भांग आणि मादक भांग या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन स्वतंत्र जाती नाहीत. फरक मुख्यतः टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) या द्रव्याच्या प्रमाणाचा आहे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्के ही मर्यादा ठरवली. युरोपीय संघातील मर्यादा पूर्वी ०.२ टक्के होती. २०२३ पासून तीही ०.३ टक्के झाली. उत्तराखंडातील परवानेही ०.३ टक्क्यांच्या मर्यादेवर आधारलेले आहेत.

झाडात टीएचसी अधिक तयार होईल की मादक नसलेले कॅनाबिडिऑल (सीबीडी), हे प्रामुख्याने आनुवंशिक असते. त्यामुळे अल्प मादकतेची झाडे शोधून त्यांचा स्थानिक वाणाशी संकर करणे आणि पुढील पिढ्यांत निवड करणे हा मार्ग उपलब्ध होतो. अशी झाडे विरळा असतात. ती सापडण्याची शक्यता संग्रहातील नमुने जितके अधिक व विविध, तितकी वाढते.

### रोग व कीड

याचे चांगले उदाहरण तागाच्या पिकात मिळते. ब्राझीलमध्ये तागावर मर रोग आला, तेव्हा तेथील संशोधकांनी प्रतिकारक झाडांतून ‘आयएसी-केआर १’ हा वाण निवडला. हवाई बेटांवरील ‘ट्रॉपिक सन’ या तागाच्या वाणाचे मूळ तर कावाई बेटावरील एका शेतकऱ्याने वर्षानुवर्षे राखलेल्या बियाण्यात आहे. ते बी १९५८ मध्ये संशोधकांच्या हाती आले आणि १९८० च्या दशकात त्याचा अधिकृत वाण म्हणून प्रसार झाला. ताग मूळचा भारतीय उपखंडातील. त्याचे बी हजारो किलोमीटर दूर एका शेतकऱ्याच्या घरी टिकले आणि पुढे अनेक देशांना उपयोगी पडले.

## जतनाच्या पद्धती

### शीतगृहातील साठवण

भांगेचे बी वाळवून थंड जागी ठेवले तर दीर्घकाळ जगते. मात्र ते तेलकट असल्यामुळे साध्या खोलीत, विशेषतः दमट हवेत, त्याची उगवणक्षमता काही वर्षांतच ढासळते. बियाणेशास्त्रात एक ढोबळ नियम सांगितला जातो. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला की आयुष्य सुमारे दुप्पट होते. तापमान सुमारे पाच अंश सेल्सिअसने उतरवले की पुन्हा दुप्पट होते. जनुकपेढ्यांमध्ये बी ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, हवाबंद पाकिटात उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात, ते याच कारणाने. कोकणासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की घरगुती साठवणीत असे तेलकट बी टिकवणे कठीण जाते.

### पुनर्लागवड

शीतगृहातही बी हळूहळू मरते. म्हणून ठरावीक काळाने उगवण तपासावी लागते आणि ती सुरुवातीच्या प्रमाणाच्या ८५ टक्क्यांखाली येऊ लागली की बी पेरून नवे बी धरावे लागते. संग्रहाचे खरे आयुष्य या पुनर्लागवडीवर अवलंबून असते.

येथे भांग आणि भात यांतील फरक स्पष्ट होतो. भात मुख्यतः स्वपरागीभवन करतो. दोन वाण शेजारच्या वाफ्यांत लावले तरी ते बहुतांशी शुद्ध राहतात. भांगेचे दोन नमुने एकाच शिवारात फुलले, तर वाऱ्याने त्यांची सरमिसळ होते व दोन्ही नमुने आपली ओळख गमावतात. त्यामुळे दोन लागवडींत काही किलोमीटरचे अंतर, परागकण न शिरू देणारी बंदिस्त जागा किंवा वेगवेगळ्या वर्षी लागवड यांपैकी एक उपाय करावाच लागतो.

दुसरी अट झाडांच्या संख्येची आहे. समजा, एखादा दुर्मीळ गुण ठरवणारे जनुकरूप नमुन्यात पाच टक्के प्रमाणात आहे. केवळ दहा झाडांपासून बी धरले, तर ते जनुकरूप एकाही झाडात नसण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. शंभर झाडे घेतली, तर हीच शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी होते. थोड्या झाडांवर केलेली पुनर्लागवड पाकिटावरचे नाव टिकवते. आतील विविधता मात्र गळून जाते.

### शेतावरील जतन

शेतकरी जो वाण दरवर्षी पेरतो, तो बदलत्या हवामानाबरोबर आपोआप जुळवून घेत राहतो. शीतगृहातील बी मात्र ज्या वर्षी ठेवले, त्या वर्षीच थांबलेले असते. म्हणून या दोन्ही पद्धती परस्परपूरक मानल्या जातात. शेतावरील जतनाला दोन गोष्टींची गरज असते : पिकाचा उपयोग आणि पेरण्याची मोकळीक. भांगेच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी नाहीशा झाल्या.

## जगातील संग्रह : तोटा आणि बचाव

अमेरिका. केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकात भांगेची मोठी शेती होती. अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ लिस्टर ड्यूई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवडपद्धतीने ‘किमिंग्टन’, ‘चिंग्टन’, ‘फेरामिंग्टन’ इत्यादी उंच व धागेदार वाण तयार केले. १९३७ च्या कर कायद्यानंतर शेती खालावली. दुसऱ्या महायुद्धात दोरांच्या गरजेपोटी ती थोडा काळ सावरली व १९५० च्या दशकाअखेर संपली. पुनर्लागवड न झाल्याने ड्यूई यांचे वाण आज उपलब्ध नाहीत. २०१४ मध्ये केंटकीत प्रायोगिक लागवड पुन्हा सुरू करण्याचे ठरले, तेव्हा बी इटलीहून मागवावे लागले आणि तेही सीमाशुल्क तपासणीत काही काळ अडकून पडले. पुढे न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे भांगेच्या बियाण्यांचा राष्ट्रीय संग्रह नव्याने उभारण्यात आला.

रशिया. सेंट पीटर्सबर्ग येथील वनस्पती संशोधन संस्थेत निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी जगभरातून बियाणे गोळा केले. त्यांनी व्होल्गा खोऱ्यातील व अफगाणिस्तानातील रानटी भांगेचाही अभ्यास केला होता. १९४१ ते १९४४ या लेनिनग्राडच्या वेढ्यात संस्थेतील अनेक कर्मचारी उपासमारीने मरण पावले, परंतु त्यांनी संग्रहातील धान्य खाल्ले नाही. भाताच्या संग्रहाची जबाबदारी असलेले दिमित्री इव्हानोव्ह हे त्यांपैकी एक होत. स्वतः वाव्हिलोव्ह राजकीय कैदी म्हणून १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले. या संस्थेतील भांगेचा संग्रह काही शेकडो नमुन्यांचा असून जगातील जुन्या व महत्त्वाच्या संग्रहांत त्याची गणना होते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर निधीअभावी त्याची पुनर्लागवड धोक्यात आली. तेव्हा ॲम्स्टरडॅम येथील इंटरनॅशनल हेम्प असोसिएशन या संस्थेने १९९० च्या दशकात या कामाला मदत केली.

युक्रेन व हंगेरी. युक्रेनमधील ह्लुखिव्ह येथील संस्थेत अल्प मादकतेच्या वाणांवर दीर्घकाळ काम झाले. हंगेरीत इव्हान बोचा यांनी ‘कोम्पोल्ती’ वाण व त्यावर आधारलेले संकर विकसित केले. या देशांत शेती पूर्णपणे बंद न पडल्याने बियाण्यांची साखळी तुटली नाही.

या उदाहरणांतून एक समान सूत्र दिसते. वेढ्यातही रशियातील बी वाचले, कारण ते राखणारी माणसे होती. शांततेच्या काळातही केंटकीचे बी गेले, कारण ते पुन्हा पेरणारे कोणी उरले नाही.

## भारतातील स्थिती

### हिमालयातील परंपरा

उत्तराखंडातील गढवाल व कुमाऊं भागांत भांगेच्या सालीपासून दोर व ‘भंगेला’ नावाचे जाडेभरडे कापड तयार करण्याची परंपरा होती. भाजलेल्या बियांची चटणी तेथील आहाराचा भाग आहे. या भागातील गावठी बियाणे भारतीय दिनमानाला जुळलेले असल्याने पैदाशीसाठी मोलाचे आहे. मात्र त्यातील पुष्कळ नमुन्यांत टीएचसीचे प्रमाण कायदेशीर मर्यादेपेक्षा अधिक आढळते. २०१३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे हेम्प कंपनीने वैज्ञानिक संस्थांच्या सहकार्याने भारतीय भांगेवर संशोधन हाती घेतले. या कंपनीच्या नावातील ‘बॉम्बे हेम्प’ आणि जुन्या व्यापारातील ‘बॉम्बे हेम्प’ यांची गल्लत करू नये.

### कायदा

अमली पदार्थांसंबंधीचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार केवळ धागा, बी वा शोभेसाठी होणाऱ्या भांगेच्या लागवडीला लागू होत नाही. भारतातील १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमातही गांजाच्या व्याख्येतून, फुलोऱ्याच्या शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळल्या आहेत. कलम १४ नुसार शासन धागा व बी यांसाठी लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये असा परवाना दिला. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, तेल व पीठ यांना ठरावीक मर्यादेत अन्न म्हणून मान्यता दिली.

परवान्याशिवाय लागवड करणे मात्र गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे भांगेचे बी हौसेने परसात पेरून ‘जपणे’ कायद्याने शक्य नाही.

### संस्था

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुकपेढीत विविध पिकांचे चार लाखांहून अधिक नमुने आहेत. ताग, अंबाडी व ज्यूट यांच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था पश्चिम बंगालमधील बराकपूर येथे असून तिचे तागावरील केंद्र उत्तर प्रदेशात प्रतापगढ येथे आहे. ‘के-१२’, ‘शैलेश’, ‘अंकुर’, ‘प्रांकुर’ हे तागाचे काही प्रसारित वाण होत.

## महाराष्ट्र

### भांगेचे जुने पुरावे

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे अंश मिसळलेले असल्याचे राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडले. या मिश्रणामुळे गिलावा कीड व दमटपणा यांपासून टिकून राहिला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दौलताबादच्या किल्ल्यातील गिलाव्यातही असेच अंश आढळल्याचे त्यांनी नोंदवले. वनस्पती येथे परिचित होती आणि तिचा मादकतेपलीकडचा उपयोग माहीत होता, एवढे यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात, विशेषतः अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) भागात, गांजासाठी परवानाधारक लागवड होत असे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या चौकशीत मुंबई इलाख्यातील लागवडीचाही समावेश होता. गांजाच्या शेतीत नर झाडे उपटून टाकत, जेणेकरून मादी झाडांवर बी धरू नये. अशा शेतीतील निवड मादकतेच्या दिशेने झाली, धाग्याच्या नव्हे. म्हणून पठारावरील धागेदार भांगेचा गावठी वाण महाराष्ट्राला वारशात मिळाला नाही.

### ताग, अंबाडी आणि किनारा

धाग्याची जागा येथे दुसऱ्या पिकांनी घेतली होती. विदर्भ व मराठवाड्यात अंबाडी ही तूर, ज्वारी यांसारख्या पिकांत मिश्रपीक म्हणून किंवा बांधाच्या कडेने लावत. कोवळ्या पानांची आंबट भाजी होई आणि खोडे कुजवून काढलेल्या धाग्यापासून दावी, कासरे व चऱ्हाटे वळली जात. दोर वळण्याच्या कामात मातंग समाजातील कारागिरांचे कौशल्य पूर्वापार प्रसिद्ध आहे. पोळ्याला बैलांना अंबाडीचे नवे कासरे घालण्याची रीत होती.

कोकण किनाऱ्यावर मासेमारीची जाळी तागाच्या सुतापासून विणत. वसई, नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधव बोंबील, कोळंबी यांसाठी वापरतात ते डोल जाळेही पूर्वी अशाच सुताचे असे. ओल्या सुताला कुज लागू नये म्हणून जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. १९६० च्या दशकापासून नायलॉन व इतर कृत्रिम धागे आले. ते कुजत नाहीत, वजनाला हलके असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे कोळ्यांची मेहनत वाचली, पण तागाच्या धाग्याची मागणी संपली. आज महाराष्ट्रात ताग मुख्यतः हिरवळीच्या खतासाठी पेरला जातो आणि फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडला जातो. या वापरात शेतकरी बी धरत नाही. दर वर्षी बाजारातून विकत आणतो. लांब धाग्यासाठी बी निवडणारे डोळेही त्यामुळे उरले नाहीत. पीक शेतात दिसत असतानाही त्याची बीजविविधता कशी आटू शकते, याचे हे उदाहरण आहे.

### बियाणे बँका आणि जनुक कोष

पालघर जिल्ह्यातील जव्हार भागात बाएफ या संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांसह भात, नाचणी इत्यादींच्या गावठी वाणांचे जतन केले आहे. वाडा तालुक्यातील ‘वाडा कोलम’ या भाताला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. मातीची मडकी, राख व कडुनिंबाचा पाला ही त्यांची साठवणीची साधने आहेत.

या पद्धती भात, वाल, नाचणी यांना लागू पडतात. भांगेला त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. तिचे परपरागीभवन, तेलकट बी आणि कायद्याचे बंधन ही तीन कारणे त्यामागे आहेत. ताग व अंबाडी यांना मात्र कायद्याची आडकाठी नाही. गावातील बियाणे बँकेत या दोन पिकांच्या जुन्या वाणांना जागा देणे सहज शक्य आहे. त्यातही तागासाठी दोन वाणांत अंतर राखणे आणि परागीभवन करणाऱ्या भुंग्यांचा अधिवास सांभाळणे आवश्यक ठरते.

राष्ट्रीय ब्यूरोचे एक प्रादेशिक केंद्र अकोला येथे १९७७ पासून कार्यरत आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोष’ प्रकल्पास पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. स्थानिक पिकांचे वाण हा त्याच्या सात विषयांपैकी एक आहे. सागरी जैवविविधता हा दुसरा.

## हक्क आणि मतभेद

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विनाछापाचे बी विकण्याचा हक्क दिला आहे. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने स्थानिक संसाधनांच्या लाभात समाजाचा वाटा मान्य केला. मात्र अन्न व कृषीसाठीच्या वनस्पती संसाधनांच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सामायिक देवघेवीच्या पिकांच्या यादीत भांग नाही. परिणामी देशादेशांतील नमुन्यांची देवाणघेवाण स्वतंत्र करारांवर अवलंबून राहते.

या संदर्भात पुढील प्रश्न चर्चेत आहेत.

* मर्यादा व विविधता : ०.३ टक्क्यांची मर्यादा काटेकोरपणे लावली, तर अधिक टीएचसी असलेले गावठी वाण शेतातून बाद होतात. त्यांच्यातील दिनमान, धागा व रोगप्रतिकार यांविषयीचे गुणही त्यांच्याबरोबर जातात. म्हणून लागवडीची मर्यादा व संग्रहाची मर्यादा वेगळी ठेवावी, असे पैदासकारांचे म्हणणे असते.
* परागकणांची सरमिसळ : प्रमाणित वाणांची शेती वाढली, तर त्यांचे परागकण आसपासच्या गावठी व रानटी झाडांत मिसळतात. उलट दिशेनेही हेच घडून प्रमाणित पिकाची मादकता वाढू शकते.
* लाभाची वाटणी : गावाने राखलेल्या बियाण्यातून कंपनीने नवा वाण काढला, तर त्या गावाचा वाटा कसा ठरवावा?
* गैरवापराची भीती : औद्योगिक लागवडीच्या आडून मादक भांग पिकवली जाईल, ही प्रशासनाची शंका अनाठायी नाही. कारण दोन्ही झाडे दिसायला सारखी असतात आणि फरक प्रयोगशाळेतच कळतो.

या मर्यादांमुळे भात किंवा नाचणीच्या बाबतीत शेतकरी जे काम करू शकतो, ते भांगेच्या बाबतीत आज परवानाधारक शेतकरी व संशोधन संस्था यांनाच करावे लागते. शीतगृहातील पाकीट, नियमित उगवण चाचणी आणि पुनर्लागवडीसाठी मुक्रर केलेली जमीन व निधी या तिन्हींपैकी एक जरी चुकले, तरी संग्रह केवळ नोंदवहीत उरतो.

## हे सुद्धा पहा

* अंबाडी
* ताग
* घायपात
* निकोलाय वाव्हिलोव्ह
* राहीबाई पोपेरे
* वाडा कोलम
* वेरूळ लेणी
* वसई-विरार